तीन लाकडांची चौकट

आमच्या खोलीचं देऊळ झालं, त्याला जबाबदार कोण हे मला आज नेमकं सांगता येतं. आराखडा काढणारी मी, चौकट बसवणारे मिस्त्रीजी आणि उंबरठ्यावर हळदकुंकू वाहणारी माझी आई. तिघांनीही आपापलं काम मन लावून केलं होतं. कोणी एकाने जरी कामचुकारपणा केला असता तरी एवढा घोटाळा झाला नसता.

मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या ऑफिसात बसून स्वयंपाकघरांचे आणि कपाटांचे नकाशे काढले. पंचेचाळिशी ओलांडल्यावर नोकरी सोडली आणि कामठी रोडला टिनाचं एक शेड भाड्याने घेतलं. अक्कल सुचली की होती तीही गेली, यावर घरात अजून एकमत नाही. बेत असा होता की बागेत ठेवायच्या सागवानी खोल्या बनवायच्या. भिंती शेडमध्ये तयार करायच्या, ट्रकमधून न्यायच्या आणि गिऱ्हाइकाच्या अंगणात एका दिवसात नटबोल्टांनी जोडून द्यायच्या. तिथे बसून कोणी वाचेल, कोणी गाणं शिकवेल, कोणाला घरातल्या माणसांपासून तासभर सुटका मिळेल. नागपुरात बंगलेवाल्यांना अंगणात जागा हवी असते ती गाडीसाठी, हे मला शेड घेतल्यावर कळलं. दोन वर्षांत एकही खोली विकली गेली नाही. पोट भरलं ते कपाटांवर आणि वाळवी लागलेल्या दारांच्या दुरुस्तीवर.

मिस्त्रीजी पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर होते. साठी उलटलेली, उभी हयात लकडगंजाच्या लाकूडबाजारात गेलेली, कानावर पेन्सिल. बोलणं कमी, पण जे बोलत ते समोरच्याला पुरून उरे. त्यांचा मुलगा पुण्यात अकराव्या मजल्यावर राहतो. 'बाबा, बस झालं आता, इकडे या,' असा त्याचा दर आठवड्याला फोन असायचा. त्या दिवाळीनंतर एक दिवस मिस्त्रीजींनी हातातला रंधा खाली ठेवला आणि मला सांगितलं, "बाई, एक खोली विकली गेली तं मी राहतो. नाही गेली तं उन्हाळ्याच्या आंधी पुण्याले जातो. पोरगा तिकीट काढूनच बसला हाये."

"तिथे काय करणार तुम्ही?"

"काय करीन? लिफ्टमधी वरखाली."

मी हसले. मला नकाशा काढता येतो, खिळा सरळ ठोकता येत नाही. ते गेले की शेडला कुलूप, हे सांगायला ज्योतिषी नको होता. शिवाय तो माणूस मला हवा होता. कामासाठी हवा होता आणि तसाही हवा होता.

जानेवारीत सिव्हिल लाइन्सच्या एका बागेत तीन दिवसांचं फुलांचं प्रदर्शन होतं. ओळखीच्या एका नर्सरीवाल्याला तिथे लॉनचा एक तुकडा सजवायला मिळाला. फुलं त्याची आणि मधोमध खोली आमची, असं ठरलं. एवढे लोक येणार, त्यातला एक जरी रिकाम्या अंगणाचा मालक निघाला तरी मिस्त्रीजी राहणार होते.

पहिला वाद चौकटीवरून झाला. माझ्या आराखड्यात दाराला उंबरठा नव्हता. आजकाल तो कुठेच नसतो. बाहेरून आत जमीन सपाट जावी, म्हाताऱ्या माणसाला ठेच लागू नये, एवढाच माझा विचार. मिस्त्रीजींनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"हे काय हाये?"

"दाराची चौकट."

"लाकडं मोजा."

मी मोजली. दोन उभी, वर एक आडवं.

"तीन," मी म्हणाले.

"अन् चौ म्हंजे किती?"

मी पुन्हा कागदावरच्या रेघा मोजल्या.

"मंग याले तिकट म्हना. चौकट नोका म्हनू."

ही नुसती शब्दांची कुस्ती नव्हती. चौथं लाकूड खाली असलं की चारी कोपरे सुताराच्या भाषेत गुण्यात राहतात, म्हणजे काटकोनात. मग ट्रकमध्ये कितीही आदळआपट होवो, चौकट हलत नाही. तीनच लाकडं असली की दोन उभ्यांचे पाय हळूहळू फाकतात, दार खाली उतरतं आणि जमिनीला घासायला लागतं. "माह्या हातचं दार आजपावतो अडलं नाही," मिस्त्रीजी म्हणाले. हे खरं होतं. ज्यांच्या घरी त्यांनी दारं बसवली त्यांच्याकडून मी ते ऐकलं होतं. मी हात टेकले. त्यांनी जुन्या सागाचा दोन इंच उंच उंबरठा केला आणि त्याच्यावर इतका रंधा मारला की येता-जाता मी त्यावरून हात फिरवायची.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी खोली उभी राहिली. दहा बाय बारा फूट, उतरतं छप्पर, एका बाजूला मोठी खिडकी. आत मधोमध मी बंगई टांगली. आमच्याकडे झोपाळ्याला बंगई म्हणतात, आणि बंगईवर बसून चहा पिणं न आवडणारा माणूस नागपुरात सापडायचा नाही, असा माझा अंदाज. भोवती नर्सरीवाल्याने झेंडू आणि शेवंतीचे वाफे केले, दारापर्यंत फरशांची पायवाट आणली. लांब जाऊन पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं. वीस वर्षं ज्या रेघा काढल्या त्यातून माझ्या नावाचं एकही काम उभं राहिलं नव्हतं. हे राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ऑटो करून माझ्याआधी पोचली. लेकीचं पहिलं काम होतं. तिने चौकटीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, उंबरठ्यावर स्वस्तिक काढलं, हळदकुंकू वाहिलं. मिस्त्रीजी तिथेच उभे होते. त्यांच्या घरी छप्पन सालापासून हळदकुंकू नाही. वडील दीक्षेला गेले होते, हे ते मान ताठ करून सांगत. आईला ते माहीत होतं, पण तिच्या मते तो त्यांच्या घरचा प्रश्न होता आणि हा तिच्या लेकीच्या कामाचा. मिस्त्रीजी बाजूला जाऊन तंबाखू मळत बसले.

दहा वाजता फाटक उघडलं. आमच्याकडे आलं ते पहिलं जोडपं पायवाटेने दारापर्यंत आलं, चपला काढून उभं राहिलं आणि नवऱ्याने हात जोडले. "आत या ना, बसा," मी म्हणाले. बाईंनी आत डोकावून रिकामी बंगई पाहिली आणि हळू आवाजात विचारलं, "मूर्ती कधी येणार आहे?"

मला वाटलं, एखाद्याचा होतो असा समज. दुपारपर्यंत पायवाटेच्या दोन्ही कडांना चपलांच्या रांगा लागल्या. लोक शिस्तीत येत, उंबरठ्याला बोटं लावून कपाळाला लावत, बंगईकडे भक्तिभावाने बघत आणि दुसऱ्याला जागा देत. आत पाऊल कोणी टाकेना. आणि आत बसल्याशिवाय खोली विकत कोण घेणार? मी दारात उभी राहून 'ही गार्डन रूम आहे, बागेत बसायची खोली' असं घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होते, आणि लोक प्रसादासाठी उजवा हात पुढे करत होते. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण गणपती करायलाही न जाता मारुती झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

चारच्या सुमाराला खरी आफत आली. शेजारच्या मांडवात स्पर्धेच्या कुंड्या होत्या. तिथून एक निवृत्त गृहस्थ ताडताड चालत आमच्याकडे आले. त्यांच्या कुंडीतला एकुलता एक डेलिया, ताटलीएवढा, गडद मरून रंगाचा, कोणीतरी खुडला होता. तो आमच्या उंबरठ्यावर होता. वर अक्षताही होत्या.

"हे कोणाचं मंदिर आहे?" त्यांनी मला विचारलं.

"कोणाचंच नाही."

"मग माझं फूल कोणाला वाहिलं?"

त्यांनी अक्षता झटकल्या, फूल दोन्ही हातांत घेतलं आणि तसंच धरून ते परत गेले. मला त्यांचं वाईट वाटलं. आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं, हे कबूल करते.

संध्याकाळी नर्सरीवाला निरोप घेऊन आला. आणखी एक फूल खुडलं गेलं तर आयोजक खोलीवर कापड टाकायला लावणार होते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोरण काढलं आणि उंबरठा पुसायला घेतला. आई आली होतीच.

"काहून काढून राहिली? लोक पाया पडून राहिले तर तुझं काय जातं?"

"आई, पाया पडणारा विकत घेत नाही."

"तुझा बाप असाच बोलायचा," ती म्हणाली आणि तोंड फिरवून शेवंतीकडे बघत बसली.

कुंकू निघालं. हळद सागाच्या रेषांमध्ये गेली होती, ती पुरती निघाली नाही. मी एक पाटी लिहून दाराशी लावली: 'ही खोली आहे. देऊळ नाही. चपला घालून आत या आणि बसा.' लोक ती मोठ्याने वाचत, एकमेकांना वाचून दाखवत आणि चपला काढत. एका सज्जन माणसाने मला समजावून सांगितलं, "ते बरोबर आहे ताई, पण उंबरठा आहे ना."

मिस्त्रीजी झेंडूच्या वाफ्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सगळं बघत होते. दिवसभर त्यांनी स्वतःच केलेल्या त्या लाकडाकडे बघितलं. मी पाणी द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "उंबरठा देवाचा नसते, बाई. सुताराचा असते. देव मंग येऊन बसते तिथं."

त्या दुपारी बेसा भागातल्या एका नव्या वसाहतीचे चार-पाच जण आले. त्यांनी चपला बऱ्याच लांब काढल्या, खोलीला उजवी घालून पूर्ण एक फेरी मारली आणि मग त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने खिशातून टेप काढला. वसाहतीच्या मोकळ्या जागेवर देऊळ बांधायचं त्यांचं कधीचं घाटत होतं, पण विटांचं बांधकाम म्हटलं की भांडणं सुरू होत. हे एका दिवसात उभं राहतं म्हटल्यावर ते हरखले. "असंच्या असं पाहिजे," ते म्हणाले. "उंबरठ्यासकट. उद्या अध्यक्षांना घेऊन येतो आणि नक्की करून टाकतो."

मी हो म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की माझं मलाच आश्चर्य वाटलं. मिस्त्रीजी वीस पावलांवर बसले होते, त्यांना विचारायला मी गेले नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: खोली गेली, म्हणजे मिस्त्रीजी राहिले.

आवरताना त्यांना सांगितलं. कोणी घेतली, कशासाठी घेतली, सगळं सांगितलं. लपवायचा माझा स्वभाव नाही, विचारायचाही नाही, एवढंच. त्यांनी एवढंच विचारलं, "उंबरठ्यासकट?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी मफलर गुंडाळला आणि सायकल काढली. ते 'बरं' मी होकार म्हणून घेतलं. वीस वर्षं गिऱ्हाइकांची 'बरं' ऐकून मी काहीच शिकले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी नऊला पोचले तेव्हा ते आधीच येऊन बसले होते. दारात भुसा पडला होता. त्यांनी करवतीने उंबरठा दोन्ही उभ्या लाकडांच्या कडेला कापून काढला होता, पटाशीने खालची जागा साफ केली होती आणि तिथे पट्ट्या बसवून जमीन सपाट केली होती. काम इतकं स्वच्छ होतं की तिथे कधी काही होतं हे सांगावं लागलं असतं. उंबरठा भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याच्यावरची पिवळी छटा उन्हात दिसत होती.

"हे काय केलंत?"

"तुमच्या कागदावर होतं तसं केलं."

मी भडकले. प्रदर्शनाच्या मैदानात, माळ्यांच्या देखत, माझ्याहून इतक्या मोठ्या माणसावर मी ओरडले. तुम्ही राहावं म्हणून मी हे सगळं केलं, असंही म्हणाले. ऐकायला ते उपकारासारखं वाटलं असणार.

"मालूम हाये," ते म्हणाले. करवतीच्या दात्यांमधला भुसा ते बोटाने काढत होते. "देऊळ बांधून द्या म्हटलं असतं तं देल्लं असतं बांधून. आंधी देल्ले हायेत. पन हे मी देऊळ म्हून नाही बांधलं, बाई. खोली बांधली. लोकाईनं आत बसावं म्हून. खोली म्हून विकली जाईन तं विका."

"आणि दार?"

"अडन," ते म्हणाले. "आज नाही. ट्रकमधून गेल्यावर." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

दहा वाजता फाटक उघडलं. कॉलेजच्या दोन मुली बोलत बोलत पायवाटेने आल्या, पाटीकडे बघितलंही नाही, सँडल घालून सरळ आत गेल्या आणि बंगईवर बसल्या. मग लोक येतच राहिले. एका कुटुंबाने पिशवीतून संत्री काढून खाल्ली आणि सालं खिडकीत ठेवली. एक आजोबा भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपले. एका नवरा-बायकोने आत येऊन, दार लोटून घेऊन, हलक्या आवाजात भांडण केलं आणि बाहेर येऊन फुलं बघायला गेले. "हवा किती मस्त येते वं इथं," एक म्हातारी दुसरीला म्हणाली आणि पाय पसरून बसली. जमिनीवर चिखलाची पावलं उमटली. हात मात्र कोणी जोडले नाहीत.

डेलियावाले गृहस्थही आले. दारात थांबून त्यांनी खाली पाहिलं, मग बूट घालूनच आत आले आणि खिडकीपाशी पंधरा-वीस मिनिटं बसले. जाताना म्हणाले, "परवाच्यापेक्षा बरं आहे."

मिस्त्रीजी खुर्चीवरून उठून दाराशी आले होते. चौकटीला खांदा टेकवून बंगईच्या कड्यांचा आवाज ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी तंबाखूची डबी काढली नाही. मला ते दिसत होतं, पण मी रागात होते, त्यामुळे मी ते तेव्हा नुसतं पाहिलं.

वसाहतीची मंडळी दुपारी अध्यक्षांना घेऊन आली. चपला कुठे काढायच्या ते त्यांना कळेना. आत एक बाई लेकराला वरणभात भरवत होती. अध्यक्षांनी जमिनीकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, मग आपल्या माणसांकडे पाहिलं.

"हे तर साधं घर आहे."

"खोली आहे," मी म्हणाले.

"उंबरठाच नाही म्हटल्यावर आत काय आणि बाहेर काय?" ते म्हणाले. माणूस चुकीचं बोलत नव्हता. उंबरठा परत बसवून देते, असं मी म्हणू शकले असते. तोंडापर्यंत आलं होतं. दाराशी मिस्त्रीजी उभे होते, म्हणून म्हटलं नाही. मंडळी गेली. संध्याकाळपर्यंत तिघांनी माझं कार्ड नेलं, फोन कोणाचाही आला नाही.

माझा राग आठ दिवस टिकला. नंतर मी वाट बघायला लागले की ते म्हणतील, राहतो आणखी एक वर्ष. ते तसं म्हणाले नाहीत. शब्द दिलेला होता आणि तो त्यांच्याच तोंडचा होता. होळीच्या आधी ते गेले. रंधे आणि पटाश्या त्यांनी मला दिल्या, काटकोन तपासायचा गुण्या तेवढा बरोबर नेला. स्टेशनवर मी त्यांच्या पाया पडले तेव्हा ते मागे सरकले आणि म्हणाले, "आता माह्यं देऊळ नोका करू."

शेड सोडलं. खोली आता आमच्याच अंगणात आहे आणि आमची गाडी रस्त्यावर असते. मी आत बसून पुन्हा दुसऱ्यांच्या कपाटांचे नकाशे काढते. उंबरठा मी जपून ठेवला आहे. एकदा तो परत बसवायचा प्रयत्न केला, पण करवतीने दोन्ही टोकांना आपल्या पात्याएवढं लाकूड खाल्लेलं असतं. तो तेवढा कमी पडतो आणि पाय लागला की खुळखुळतो. आई मात्र अजून त्या दारात चपला काढते.

मिस्त्रीजी रविवारी फोन करतात. सून चांगली आहे, नातवाला मराठी समजतं, लिफ्ट दोन दिवस बंद होती, असं सांगतात. मग त्यांचा ठरलेला प्रश्न येतो, "दार अडते काय, बाई?" मी सांगते, नाही. ट्रकमधून आल्या दिवसापासून ते अडतंय, पण मी नाही सांगते, आणि ते "बरं" म्हणतात.

गेल्या रविवारीही मी नाही म्हणाले. तेवढ्यात आई चहा घेऊन दाराशी आली. तिचे दोन्ही हात कपांत गुंतलेले, म्हणून मी फोन कानाला धरूनच दार ओढलं. ते जमिनीवर कर्रकन घासलं आणि अर्ध्यात अडकून बसलं. तिकडे मिस्त्रीजी बोलायचे थांबले. आई बाहेर कप धरून उभी होती.

"कडी धरून जराकसं वर उचला," ते शेवटी म्हणाले, "अन् मंग ओढा."

मी उचललं आणि ओढलं. दार उघडलं.

"उघडलं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.